खवट तेल आणि पेशीवरील ताण : धारवाड परिसरातील खाद्यतेलाच्या इतिहासाचा एक मागोवा

प्रस्तावना

तेल विकत घेण्यापूर्वी त्याचे दोन थेंब तळहातावर घ्यायचे, चोळायचे आणि हुंगायचे, ही आमच्या घरातील जुनी रीत. अम्मी डब्यावरची अक्षरे कधी वाचत नसत. त्या वास घेत आणि वास बिघडलेला असेल तर ‘खवट आहे’ एवढेच म्हणून भांडे परत पाठवीत. कन्नड शेजारणी त्याच वासाला ‘कमटु’ म्हणत. भाषेचा अध्यापक म्हणून मी या दोन शब्दांची नोंद पूर्वीच केली होती. परंतु जीवरसायनशास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलताना असे लक्षात आले की, तेल खवट होणे आणि शरीरातील पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण पडणे या मुळात एकाच रासायनिक क्रियेच्या दोन बाजू आहेत. एक बरणीत घडते, दुसरी पेशीच्या पडद्यात.

हुबळी-धारवाड हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील तेलाचा इतिहास सोलापूर, वर्धा आणि मुंबई यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रदेशाच्या ताटातील तेल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कसे बदलले, त्याच काळात जीवनसत्त्वांचे शास्त्र कसे घडले आणि या दोन्ही प्रवाहांतून आपण कोणता बोध घ्यावा, याचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : तेल आणि त्याचे रक्षण करणारे जीवनसत्त्व निसर्गतः एकाच दाण्यात असतात. विसाव्या शतकात आपण त्यांची ताटातूट केली आणि मग ते वेगवेगळे विकत घेऊ लागलो.

१. शब्दांची साक्ष

धारवाड, गदग, विजापूर आणि सोलापूर या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील रब्बी हंगामाचे जुने तेलपीक म्हणजे करडई. संस्कृतात ती कुसुंभ, कन्नडमध्ये कुसुबी. अरबीत या झाडाला दोन नावे आहेत. फुलाचा रंग तो ‘उस्फुर’ आणि बी ते ‘कुर्तुम’. युनानी औषधांच्या यादीत ‘तुख्मे कुर्तुम’ आढळते ते याच बीचे नाव. इंग्रजीतील ‘सॅफ्लॉवर’ हा शब्द ‘उस्फुर’पासून युरोपीय भाषांतून फिरत आला, तर वनस्पतिशास्त्रातील ‘कार्थॅमस’ हे नाव ‘कुर्तुम’शी जोडले जाते. म्हणजे जगाने ही वनस्पती प्रथम रंगासाठी ओळखली. आपल्याकडे मात्र तिचा पाला भाजीत, बी घाण्यात आणि बियांचे दूध हुग्गीत अशी तिची सर्वांगी ओळख होती.

आणखी काही शब्द पाहण्यासारखे आहेत. मराठी ‘घाणा’, कन्नड ‘गाण’, उर्दू ‘घानी’. तेल काढून उरलेला चोथा म्हणजे मराठी ‘पेंड’, कन्नड ‘हिंडी’, उर्दू ‘खली’. भुईमुगाला धारवाडकडील कन्नड माणूसही ‘शेंगा’च म्हणतो. मराठीत खाण्याचे ते ‘गोडे तेल’ आणि दिव्याचे किंवा अंगाला लावण्याचे ते ‘कडू तेल’. गोडे या शब्दाचा साखरेशी संबंध नाही. जिभेला न खुपणारे, न बिघडलेले, असा त्याचा अर्थ. तेलाच्या गुणाची पारख जिभेने आणि नाकाने होत होती, हे या शब्दांवरून दिसते.

२. घाण्याचे तेल आणि भाकरीचे ताट

१८८४ साली मुंबई सरकारने धारवाड जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध केले. त्या काळात तेल गाळणे हा गावोगावचा धंदा होता. कन्नड मुलुखात गाणिगेर आणि मराठी मुलुखात तेली तो करीत. बैलाच्या घाण्यात दाणा सावकाश भरडला जाई, तेल फारसे तापत नसे आणि गाळलेल्या तेलात दाण्यातील रंग, वास व इतर सूक्ष्म द्रव्ये उतरत. करडईच्या १०० ग्रॅम तेलात सुमारे ३४ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व असते. शेंगांच्या तेलात त्याच्या निम्म्याच्या आसपास. तिळाच्या तेलात तिळातीलच काही खास संयुगे त्याला टिकाऊपणा देतात.

मात्र घाण्याचे तेल टिकाऊ नसे, हेही नमूद केले पाहिजे. त्यात ओल आणि गाळ राही, त्यामुळे काही आठवड्यांत त्याला वास लागे. म्हणून लोक ते थोडे थोडे गाळून घेत आणि लवकर संपवीत. गरिबाच्या वाट्याला तर ते मुळातच थोडे येई. या अडचणीतून एक चांगली सवय आपोआप घडली : जुने तेल पोटात जात नसे.

तेल खाण्याची रीतही वेगळी होती. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगांची, गुरेळ्ळूची म्हणजे कारळ्याची किंवा अगसीची म्हणजे जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्च्या तेलाची धार. सोबत कच्चा कांदा, मेथीची कोवळी पाने, मुळ्याचा पाला. तळण सणासुदीला. या ताटात तेलाबरोबर ई जीवनसत्त्व आणि कच्च्या पाल्यातून सी जीवनसत्त्व एकत्र येत होते. हे कोणी शास्त्र जाणून केलेले नव्हते. पण त्या एकत्र येण्याचा अर्थ काय, हे पुढे शास्त्राने सांगितले.

३. खवटपणावरचा पहिला इलाज : वनस्पती तूप

तेल खवट का होते? तेलातील काही मेदाम्लांच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सैल असतो. तो निघाला की तेथे हवेतील ऑक्सिजन चिकटतो, आणि तो रेणू शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. अशी माळ लागते. दोन दुहेरी बंध असलेले लिनोलिक आम्ल हे एकच बंध असलेल्या ओलिक आम्लापेक्षा सुमारे दहा ते बारा पट वेगाने बिघडते.

यावर कारखानदारीने शोधलेला उपाय सरळ होता : दुहेरी बंधच भरून टाकायचे. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ साली तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धानंतर असे घट्ट तेल हॉलंडहून भारतात येऊ लागले. पुढे मुंबईत शिवडी येथे त्याचा कारखाना निघाला आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोचले. ते महिनोन्‌महिने टिके, खवट होत नसे आणि तुपासारखे दिसे.

विरोधही झाला. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि झवेरभाई पटेल यांनी घाण्याचे अर्थशास्त्र आणि यंत्रशास्त्र अभ्यासले. तेथे सुधारलेली ‘मगन घाणी’ तयार झाली. स्वातंत्र्यानंतर वनस्पती तुपावर बंदी घालावी अशी मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही, नियम आले. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालावे आणि तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात तिळाचे तेल मिसळावे, असे ते नियम होते. तिळाचे तेल केवळ ओळखीची खूण म्हणून आले, त्याच्या गुणासाठी नव्हे.

हायड्रोजन अर्धवट भरताना काही दुहेरी बंध उलट्या आकाराचे होतात, त्यांनाच ट्रान्स मेद म्हणतात. ते हृदयविकाराचा धोका वाढवितात हे सिद्ध होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. भारतात त्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणीत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे १९३७ ते २०२२ असा पंच्याऐंशी वर्षांचा काळ एका चुकीच्या दुरुस्तीत गेला. बरणीतला खवटपणा थांबला, त्याची किंमत रक्तवाहिन्यांनी मोजली.

४. ई जीवनसत्त्वाचा शोध आणि त्याचा हिशेब

याच काळात दुसरीकडे वेगळा शोध चालू होता. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असे आढळले की, विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांचे गर्भ टिकत नाहीत, आणि हिरव्या पाल्यातील व गव्हाच्या अंकुरातील एक द्रव्य दिले की टिकतात. हेच ई जीवनसत्त्व. १९३६ मध्ये त्याला ‘टोकोफेरॉल’ हे नाव मिळाले; ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘अपत्यजन्म देणारे’ असा होतो.

माणसाला ते किती लागते, याचे महत्त्वाचे उत्तर १९५० च्या दशकात अमेरिकेतील एल्जिन येथील मनोरुग्णालयात मिळाले. मॅक्स हॉर्विट यांनी तेथील पुरुष रुग्णांना वर्षानुवर्षे ई जीवनसत्त्व कमी असलेला आहार दिला. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. त्यांच्या लाल रक्तपेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्कात सहज फुटू लागल्या. आणि आहारात लिनोलिक आम्लाचे तेल जितके अधिक, तितकी ई जीवनसत्त्वाची गरज अधिक, असे दिसून आले. दुसऱ्या शब्दांत, या जीवनसत्त्वाची गरज तेलाच्या जातीवर आणि प्रमाणावर ठरते.

पेशीचा पडदाही मेदाचाच असतो. तेथे मुक्त मूलकांनी माळ लावली की टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन देऊन ती तोडते. १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचे मूळ या मूलकांत आहे असा सिद्धांत मांडला. १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी मूलकांना निष्प्रभ करणारे विकर शरीरातच असल्याचे दाखविले. १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी सिद्ध केले की, हायड्रोजन देऊन खर्ची पडलेल्या टोकोफेरॉलला सी जीवनसत्त्व पुन्हा पूर्ववत करते. भाकरीच्या ताटातील तेल आणि कच्चा पाला यांच्या शेजाराचा अर्थ येथे उलगडतो. १९८५ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी मूलके आणि बचाव यांचा तोल ढळण्याला ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ हे नाव रूढ केले.

५. करडईचे दिवस

१९५० च्या दशकात वनस्पतिजन्य तेलांनी रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते असे दिसून आले. लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक असलेली करडई एकाएकी प्रतिष्ठित झाली. १९६० नंतरच्या काळात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत करडईचे शुद्ध केलेले तेल ‘हृदयासाठी चांगले’ म्हणून जाऊ लागले. आमच्या भागात जे गरिबाच्या चटणीवरचे तेल होते, तेच शहरात डॉक्टरांच्या सल्ल्याचे तेल झाले.

संशोधनातही या प्रदेशाचा वाटा मोठा आहे. धारवाड जिल्ह्यातील अण्णिगेरी येथील कृषी संशोधन केंद्राचे ‘अण्णिगेरी-१’ हे करडईचे वाण सर्वदूर गेले. सोलापूर हे करडई संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र ठरले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेली करडई शेतकऱ्याच्या हाती दिली. आणखी एक गोष्ट फारशी माहीत नसते : करडईचे ओलिक आम्ल अधिक असलेले, म्हणजे लवकर खवट न होणारे वाण अमेरिकेत तयार झाले, त्याचे मूळ बी भारतातून गेलेले होते.

तथापि, ताटातील आणि डब्यातील तेल एकच राहिले नव्हते. तेल शुद्ध करताना उच्च तापमानाला त्यातून वाफ सोडून वास काढला जातो. त्या वाफेबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग निघून जातो. हा निघालेला अंश कारखाने फेकून देत नाहीत. नैसर्गिक ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा तो एक प्रमुख कच्चा माल आहे. एकाच दाण्याचे दोन भाग एकाच बाजारात, एक किराणा दुकानात आणि दुसरा औषधाच्या दुकानात!

करडईच्या तेलाची एक परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. १९६६ ते १९७३ या काळात सिडनी येथे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि त्याचे मार्गरिन देण्यात आले. जुनी माहिती पुन्हा शोधून २०१३ मध्ये तिचे पूर्ण विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा करडईच्या गटात १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के मृत्यू झाल्याचे दिसले. यावरून करडई वाईट असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रयोग लहान होता, मार्गरिनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यता होती, आणि संपृक्त मेदाऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरणे हितकर आहे असे दाखविणारे पुरावेही पुष्कळ आहेत. परंतु कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे सारे साधले, ही समजूत मात्र त्याने डळमळीत केली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. गफूरुन्निसा यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत भारतीय आहाराच्या संदर्भात हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला होता. धान्य आणि डाळींत ‘न दिसणारे’ मेद असतेच. त्यातून लिनोलिक आम्ल मिळते. तेव्हा त्याच जातीच्या तेलाचा आणखी मारा करण्यापेक्षा ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचा तोल पाहावा आणि तेले मिसळून वापरावीत, असा त्यांच्या लेखनाचा रोख आहे. अगसीची चटणी ओमेगा-३ चा चांगला साठा आहे, हे येथे आठवावे.

६. गोळ्यांचे युग

१९८० नंतर अँटिऑक्सिडंट हा शब्द प्रयोगशाळेतून जाहिरातीत आला. जीवनसत्त्वे मूलके मारतात, मूलके रोग आणतात, तेव्हा गोळी घ्या आणि रोग टाळा, असा हा युक्तिवाद होता. तो ऐकायला बिनतोड वाटतो. पण मोठ्या प्रयोगांनी वेगळेच सांगितले.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना बीटा कॅरोटीन दिले त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका प्रयोगातही धोका वाढलेला दिसल्याने तो १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. २००० साली हृदयरोगाचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांच्या पाहणीत ई जीवनसत्त्वाचा कोणताही लाभ दिसला नाही. २०११ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या प्रयोगात ते अधिक मात्रेने घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

असे का व्हावे? एक कारण असे की मूलके केवळ शत्रू नाहीत. पेशी त्यांचा निरोप्यासारखा उपयोग करतात. २००९ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात व्यायामामुळे शरीराची इन्सुलिनला साद देण्याची क्षमता वाढते, ती सी आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी रोखली गेल्याचे दिसले. थोडा ताण शरीराला सावध करतो. दुसरे कारण असे की, टोकोफेरॉल एकटे काम करीत नाही. त्याला सी जीवनसत्त्व, विकरे आणि पाल्यातील इतर द्रव्ये यांची साथ लागते.

आमच्या स्टाफरूममध्येही अशा गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर दिसतात. एक सहकारी दिवसाला अर्धे पाकीट सिगारेट ओढतात आणि ‘त्याची भरपाई’ म्हणून रोज गोळी घेतात. फिनलंडच्या त्या प्रयोगातील माणसे त्यांच्यासारखीच होती, हे मी त्यांना सांगितले. ते हसले आणि पाकीट खिशात ठेवले. ज्ञात्यांच्या सभेतही ज्ञान किती हळू झिरपते, याचा तो अनुभव होता. ई जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेणे ही वेगळी बाब आहे. दुष्परिणामांची भरपाई म्हणून ते घेणे ही वेगळी.

७. आजची स्थिती

१९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि उत्पादन वाढले. पण १९९४ नंतर आयात खुली होत गेली आणि स्वस्त पामतेलाने बाजार व्यापला. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. करडई अनेक लाख हेक्टरांवरून एक लाख हेक्टरच्या आसपास आली. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत आणि भावही मिळत नाही. काळ्या रानात हरभऱ्याने तिची जागा घेतली. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने ओलिक आम्ल अधिक असलेली वाणे पुढे आणली आहेत. ती शेतात किती उतरतात यावर पुढचे अवलंबून आहे.

तेल खाण्याची रीत तर पूर्णच बदलली. हुबळी-धारवाडची संध्याकाळ गिरमिट आणि मिरची भज्यांशिवाय पुरी होत नाही, आणि त्या कढईतले तेल अनेकदा सकाळपासूनचे असते. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात ई जीवनसत्त्व झपाट्याने संपते आणि ऑक्सिडीकरणाचे विषारी अवशेष साचतात. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील अशा एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविण्यात आली आहे. मर्यादा मोजण्याचे साधन भजीवाल्याकडे नसते. तेल काळपट होणे, फेस टिकून राहणे आणि वास येणे या खुणा मात्र कोणालाही कळतात.

समारोप

या इतिहासात तीन इलाज दिसतात. खवटपणा टाळण्यासाठी वनस्पती तूप आले, कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी एकाच तेलाचा आग्रह आला आणि मूलके मारण्यासाठी गोळी आली. तिन्ही वेळा शास्त्राचे सूत्र खरे होते, पण ते अपुरे होते. प्रत्येक वेळी एक भाग संपूर्णापासून तोडून घेतला गेला. जुने ताट आदर्श होते असे म्हणण्याचा हेतू नाही. त्या ताटात तेलाची आणि अन्नाचीही टंचाई होती. परंतु ताजे तेल, थोडे तेल, वेगवेगळी तेले आणि सोबत कच्चा पाला, ही त्यातील चार सूत्रे आजच्या शास्त्रालाही मान्य आहेत.

आपण अध्यापक याबाबत काय करू शकतो? वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तळणीचे तेल किती वेळा वापरले जाते, याची चौकशी करणे आपल्या हाती आहे. विज्ञान आणि भाषा विभागांनी मिळून विद्यार्थ्यांना जुन्या घाणेवाल्यांकडे पाठवावे. एकाने तेलाचे गुणधर्म तपासावेत, दुसऱ्याने त्या धंद्याचे शब्द टिपावेत. हे शब्द जाणणारी पिढी आता मोजकी उरली आहे. अम्मींना टोकोफेरॉल हा शब्द ठाऊक नव्हता, पण तेल कधी परत करायचे हे ठाऊक होते. आपल्याला तो शब्द ठाऊक आहे. तेल हुंगण्याची सवय मात्र आपण सोडली आहे.